जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं चार्जिंग बंद पडलं तर: नवा पार्ट आणण्याआधी मीटर लावा

सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज, दिवे पिवळट. धक्का मारून किंवा दुसरी बॅटरी जोडून चालू केला की मात्र ट्रॅक्टर दिवसभर ठणठणीत चालतो. अशा वेळी नवखा माणूस आधी बॅटरी बदलतो. थोड्या दिवसांत तीही उतरते. मग अल्टरनेटर नाहीतर डायनमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलला जातो, आणि एवढा खर्च झाल्यावर कुणीतरी अर्थची, म्हणजे बॉडीला जाणारी, गंजलेली वायर हलवून दाखवतं. पार्ट बदलत बदलत बिघाड शोधणं ही सगळ्यात महागडी पद्धत आहे. एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि ठरलेला क्रम पाळायची तयारी असेल तर बहुतेक वेळा अर्ध्या दिवसात दोष सापडतो.

सामान फार लागत नाही. डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट आणि ओहम मोजणारा मीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर (एमरी), काचकागद आणि नेहमीचे पाने. बॅटरीची झाकणं उघडत असतील तर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटरही घ्या.

काम सुरू करण्याआधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि पीटीओ (अवजारं फिरवणारा शाफ्ट) बंद हवा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसवरून पाना बॉडीला टेकला तर तो क्षणात लाल होतो. गळ्यातला गमछा आणि सैल बाह्या फॅनपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिच्याजवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको. बॅटरी सोडवताना आधी बॉडीला जोडलेली वायर काढायची, जोडताना ती शेवटी लावायची.

जुन्या ट्रॅक्टरची आणखी एक खोड लक्षात ठेवा. काहींमध्ये बॉडीला मायनस नसून प्लस जोडलेला असतो. बॅटरीची कोणती वायर बॉडीला जाते ते डोळ्यांनी पाहा आणि मगच पुढचं करा. रंगावर विसंबू नका. इतक्या वर्षांत कुणी कोणत्या रंगाची वायर कुठे जोडली असेल याचा नेम नसतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नका

ही 'तपासणी' अजूनही सर्रास केली जाते. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि इंजिन बंद पडलं तर चार्जिंग नाही, चालू राहिलं तर आहे असा निष्कर्ष काढायचा. डिझेल इंजिनात साधा मेकॅनिकल पंप असेल तर ते बॅटरीशिवायही चालत राहतं, म्हणजे यातून काहीच सिद्ध होत नाही. उलट अल्टरनेटर किंवा फ्लायव्हीलखालच्या स्टेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) असेल तर बॅटरी सुटताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्या धक्क्यात डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा रेग्युलेटर जळतो. बरा असलेला पार्टही अशा तपासणीत मरतो. कुणी हात पुढे केला तर त्याला थांबवा.

पहिली पायरी: बॅटरी

चार्जिंगचा हिशेब भरलेल्या बॅटरीवरच लागतो. म्हणून आधी ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या, काही तास तशीच राहू द्या आणि मग मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. पूर्ण चार्ज करूनही १०.५ च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल मेलेला आहे, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. अशा बॅटरीवर पुढची कोणतीही तपासणी खोटीच उत्तरं देईल.

हायड्रोमीटरवर भरलेल्या सेलचा आकडा साधारण १.२५ ते १.२८ येतो. नुसता आकडा पाहू नका, सहाही सेलची तुलना करा. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५ किंवा त्याहून जास्त खाली असेल तर तो सेल गेला. पाणी प्लेटच्या खाली गेलं असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही.

शेवटी सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरलं तर बॅटरीत दम नाही, किंवा सेल्फच जास्त करंट ओढतोय.

दुसरी पायरी: इंजिन चालू करून एक माप

बॅटरीवर मीटर लावून इंजिन चालू करा, कामाच्या वेळी देता तेवढी रेस द्या. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग होतंय. तुमचा प्रश्न दुसरीकडे आहे. सरळ शेवटच्या भागाकडे जा. १२.५ च्या आसपासच राहिला, किंवा हळूहळू उतरत चालला, तर चार्जिंग बंद आहे. १५ च्या वर गेला तर जास्त चार्जिंग होतंय. त्याबद्दलही पुढे येईल.

इथे एक गैरसमज दूर करतो. जुना डायनमो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही. ५५ वॅटचे दोन दिवे मिळून नऊ ॲम्पिअर खातात. रात्री आयडलवर उभं राहून दिवे चालू ठेवले तर ॲम्पिअर मीटरचा काटा मायनसकडे झुकणारच, आणि रेस दिली की तो परत येत असेल तर तो बिघाड नव्हे. तसंच, सेल्फने पाच सेकंद दीडशे ॲम्पिअर ओढले तरी तो हिशेब पाव ॲम्पिअर-तासाच्या आतच बसतो. धड चार्जिंग एवढं काही मिनिटांत परत भरतं. म्हणून चालू केल्यावर काटा प्लसकडे उडी मारून हळूहळू मध्याजवळ येणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. काटा मध्यावर आला म्हणजे चार्जिंग बंद पडलं, असं समजून अनेक जण उगाच काम काढून बसतात.

तिसरी पायरी: बेल्ट आणि सांधे

सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात. पुढच्या महागड्या भागांवर जाण्याआधी इथे निवांत वेळ द्या.

बेल्ट असेल तर दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबा. १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो घसरतोय. व्ही बेल्टची पकड बाजूंवर असते, तळावर नव्हे. तो झिजून पुलीच्या खाचेच्या तळाला टेकला असेल तर कितीही ताणा, लोडवर घसरणारच. आणि फार ताणूही नका, बेअरिंगचा आवाज सुरू होईल.

आता सांधे. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने चमकवा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्ट केलेली असते तो बोल्ट पूर्ण काढा. बहुतेक वेळा लगच्या (वायरीच्या टोकाच्या कडीच्या) खाली रंग किंवा गंज सापडतो. तो खरवडून उघडं लोखंड दिसलं पाहिजे.

वायर बोटांनी चाचपत जा. एखाद्या ठिकाणी इन्सुलेशन फुगलेलं, कडक किंवा चुरा झाल्यासारखं लागलं तर तिथे ते चिरून बघा. आत तांब्याची हिरवी पूड झालेली असते आणि एक-दोन तारा तेवढ्या शाबूत असतात. अशी वायर ओहमवर अगदी बरोबर दिसते, टेस्ट लॅम्पही लागतो. पण लोड आला की तिच्यातून करंट जात नाही. म्हणून वायर लोडवरच तपासायची.

ती अशी: इंजिन कामाच्या रेसवर, दिवे चालू. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसच्या खांबावर. क्लॅम्पवर नाही, खांबावरच. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. वाटेत ॲम्पिअर मीटर असेल तर ०.५ पर्यंत चालेल. मग एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर, इथे ०.२ च्या आत. जास्त आला तर त्या वाटेवरचा एकेक सांधा असाच मोजत जा. ज्या सांध्यावर आकडा उडी मारतो तो गुन्हेगार. चार्जिंग पूर्ण बंद असेल तर मात्र हे माप काही सांगणार नाही, कारण वाहायला करंटच नसतो. तेव्हा, अल्टरनेटर असेल तर, नुसतं एवढं बघा की इंजिन बंद असताना मुख्य टर्मिनलवर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज येतंय का. येत नसेल तर फ्यूज, ॲम्पिअर मीटर किंवा मधली वायर तुटलेली आहे. बॉडीला प्लस असेल तर दोन्ही मापांत बॅटरीच्या खांबांची अदलाबदल करा.

तुमच्या इंजिनावर नेमकं काय आहे?

छोट्या जुन्या ट्रॅक्टरवर तीन प्रकार दिसतात. बेल्टवर फिरणारा लांबट, गुळगुळीत नळकांड्यासारखा डायनमो आणि त्याच्यापासून दूर झाकण असलेला कटआउट-रेग्युलेटरचा डबा, हा पहिला. बेल्टवरचाच, पण आखूड, जाड आणि हवेसाठी खिडक्या असलेला अल्टरनेटर, हा दुसरा. तिसऱ्यात बाहेरून काहीच फिरताना दिसत नाही: फ्लायव्हीलच्या आत लोहचुंबक बसवलेले असतात, त्यांच्यासमोर वाइंडिंगचा स्टेटर असतो आणि बाहेर पंख्यासारख्या पट्ट्या असलेला ॲल्युमिनियमचा छोटा रेग्युलेटर. पेट्रोल इंजिनच्या बागेतल्या ट्रॅक्टरवर बहुधा हाच असतो. तुमच्याकडे जो असेल तेवढाच पुढचा भाग वाचा.

फ्लायव्हीलखालचा स्टेटर

रेग्युलेटरला बहुधा तीन वायरी येतात. दोन एकाच रंगाच्या, त्या स्टेटरकडून येणाऱ्या एसीच्या. तिसरी बॅटरीकडे जाते. अर्थ मिळतो तो रेग्युलेटरच्या बॉडीतून, म्हणजे त्याला धरणाऱ्या बोल्टमधून. त्यामुळे पहिलं काम म्हणजे रेग्युलेटर खोलून त्याची बैठक आणि इंजिनचा पत्रा घासून चकचकीत करणं. कुणी इंजिन रंगवलं आणि त्यानंतर चार्जिंग बंद पडलं असं झालं असेल, तर दोष इथेच आहे असं मी मीटर न लावताही म्हणेन.

मग बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीचं टोक रेग्युलेटरपासून काढून, चावी चालू करून मोजा. बॅटरीचं व्होल्टेज आलं पाहिजे. नसेल तर फ्यूज किंवा चावीचा स्विच बघा. बरेच रेग्युलेटर बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याशिवाय कामाला लागतच नाहीत.

हे ठीक असेल तर इंजिन बंद करून एसीच्या दोन्ही वायरी रेग्युलेटरपासून सोडवा. त्यांची टोकं बॉडीला लागणार नाहीत अशी ठेवा. मीटर एसी व्होल्टवर घेऊन त्या दोघींच्या मध्ये लावा, इंजिन चालू करा, पूर्ण रेस द्या. १५ ॲम्पिअरच्या नेहमीच्या सिस्टीममध्ये ३६०० आरपीएमला २८ व्होल्ट किंवा जास्त आले तर स्टेटर चांगला आहे. लहान सिस्टीममध्ये आकडा कमी असतो. आकडा रेसबरोबर चढतो-उतरतो का तेही पाहा. अर्ध्या रेसला साधारण अर्धा यायला हवा. तसं असेल, अर्थ स्वच्छ असेल आणि बॅटरीची वायरही जिवंत असेल, तर दोष रेग्युलेटरचाच. तो दुरुस्त होत नाही, बदलायचा.

एसी आलंच नाही तर इंजिन बंद करून ओहम मोजा. दोन वायरींच्या मध्ये अगदी कमी, काही ठिकाणी ०.१ ते ०.२ ओहम. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच तेवढा रेझिस्टन्स असू शकतो, म्हणून आधी त्यांची टोकं एकमेकांना लावून आकडा घ्या आणि वजा करा. एकेक वायर बॉडीशी मोजलीत तर काहीच जोड दिसता कामा नये. दिसली तर वाइंडिंग बॉडीला लागलंय. स्टेटरसाठी फ्लायव्हील काढावं लागतं आणि त्याला पुलरच लावायचा. हातोडा मारला की चुंबक तडकतात किंवा चिकटवलेल्या जागेवरून सुटतात. आतून घासल्याचा आवाज आधीपासूनच येत असेल तर एखादा चुंबक सुटलाही असेल.

सगळ्यात साध्या, ३ ॲम्पिअरवाल्या सिस्टीममध्ये रेग्युलेटर नसतोच. चार्जिंगच्या वायरीत एक डायोड गुंडाळलेला असतो. वायरीतली फुगीर जागा शोधा आणि मीटरच्या डायोड टेस्टवर तपासा: एका दिशेने साधारण ०.५ ते ०.७, उलट दिशेने काही नाही.

डायनमो

डायनमोवर दोन टर्मिनल असतात: जाड वायरीचं आर्मेचरचं (फिरणारं वाइंडिंग), बारीक वायरीचं फील्डचं (बॉडीतलं स्थिर वाइंडिंग). मागचा पट्टा सरकवून आधी कार्बन (ब्रश) बघा. ते होल्डरमध्ये सहज वरखाली झाले पाहिजेत. अडकलेला कार्बन हा डायनमोचा सगळ्यात स्वस्त बिघाड. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, एकसारखा तपकिरी-गुळगुळीत असेल तर त्याला हात लावू नका. काळा पडला असेल तर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, डाग राहिले तर बारीक काचकागद. पॉलिश पेपर इथे नको, त्याची पूड पट्ट्यांमधल्या खाचांत बसते. मागच्या बुशला तेलाचं भोक असेल तर दोन-तीन थेंब पुरेत. जास्त तेल कार्बनवर जातं.

आता खरी तपासणी. डायनमो दोन तऱ्हेचे असतात: फील्डचं दुसरं टोक आतच बॉडीला जोडलेला, आणि रेग्युलेटरमधून अर्थ मिळणारा. ओळखायचं असं: दोन्ही वायरी सोडवा, बॉडीला न जोडलेल्या कार्बनखाली कागदाचा तुकडा सरकवा आणि फील्ड टर्मिनल ते बॉडी ओहम मोजा. काही ओहम दाखवले तर फील्ड आतच अर्थ आहे. जोडच दाखवली नाही तर दुसरा प्रकार, किंवा फील्ड वाइंडिंग तुटलेलं. हे वेगळं करायला फील्ड टर्मिनल ते त्या कार्बनची वायर असं मोजा.

कागद काढा. पहिल्या प्रकारात आर्मेचर आणि फील्ड टर्मिनल एका तारेने जोडा. दुसऱ्या प्रकारात फील्ड टर्मिनल बॉडीला जोडा. आर्मेचर टर्मिनल ते बॉडी मीटर लावून इंजिन चालू करा आणि रेस हळूहळू वाढवा. आकडा झरझर, न थरथरता चढला पाहिजे. २० व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नका, एक हजार आरपीएमच्या पुढे न्यायची गरजही नाही. काहीच आलं नाही तर पुन्हा कार्बनकडे. अर्धा-एक व्होल्टवर थांबला तर फील्ड काम करत नाही. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरवर संशय घ्या. आर्मेचर वाइंडरकडे द्या, घरी करायचं काम नाही.

डायनमो बरा निघाला तर डब्याकडे वळा. झाकण काढा. डायनमोचं व्होल्टेज साधारण १३ च्या आसपास गेलं की कटआउटचे पॉइंट जुळतात आणि बॅटरीला रस्ता मिळतो. इंजिन थांबताना ते सुटतात. पॉइंट काळे पडले असतील तर काचकागदाची बारीक पट्टी मधून ओढा. स्प्रिंग आणि स्क्रूची सेटिंग फिरवायचा मोह टाळा. आणि इंजिन बंद असताना कटआउटचे पॉइंट बोटाने दाबू नका. बॅटरी सरळ डायनमोत रिकामी होईल. इंजिन बंद करूनही काटा मायनसला आपटत असेल तर हे पॉइंट चिकटले आहेत. लगेच बॅटरीचं टर्मिनल काढा.

डायनमो दुरुस्त होऊन आला असेल किंवा फार काळ पडून असेल तर त्याला पुन्हा पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) द्यावी लागते. फील्ड आत अर्थ असलेल्या प्रकारात रेग्युलेटरकडून येणारी फील्डची वायर काढून, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टर्मिनलवरून आणलेली तार फील्ड टर्मिनलला क्षणभर टेकवायची. दुसऱ्या प्रकारात रेग्युलेटरवरच्या बॅटरी आणि आर्मेचर टर्मिनलला तारेने क्षणभर जोडायचं. दोन पद्धतींची अदलाबदल केली तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात, म्हणून वरची ओळख आधी पटवा.

अल्टरनेटर

इथे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवाच अर्ध काम करतो. चावी चालू, इंजिन बंद: दिवा लागला पाहिजे. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो, त्यामुळे बल्ब उडाला तरी चार्जिंग अडतं. दिवा लागत नसेल तर अल्टरनेटरवरून त्या दिव्याची बारीक वायर काढून बॉडीला टेकवा (बॉडीला मायनस असेल तरच). आता लागला तर वायर आणि बल्ब ठीक, दोष आत: झिजलेले कार्बन, रोटर (फिरणारा भाग) किंवा रेग्युलेटर. तरीही नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर.

इंजिन चालू झाल्यावरही दिवा मंद जळत राहिला तर डायोडवर संशय घ्या. बॅटरीवर मीटर एसीवर लावा. चालू इंजिनवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर एखादा डायोड गेलाय. मुख्य टर्मिनल कायम जिवंत असतं. त्याला पाना लावण्याआधी बॅटरी सोडवा.

जास्त चार्जिंग

१५ व्होल्टच्या वर गेलं की बॅटरीचं पाणी भराभर आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब वारंवार उडतात. बहुतेक वेळा रेग्युलेटर दोषी असतो. पण आधी त्याचा अर्थ बघा: अर्थ कच्चा असला की त्याला बॅटरीचं व्होल्टेज कमी दिसतं आणि तो आणखी रेटत राहतो.

चार्जिंग बरोबर, तरी सकाळी बॅटरी रिकामी

मग रात्री कुणीतरी ती खातंय. सगळं बंद करा, बॉडीला जाणारी वायर बॅटरीपासून काढा आणि मध्ये टेस्ट लॅम्प जोडा. लागला तर गळती आहे. बारीक आकडा हवा असेल तर मीटर १० ॲम्पिअरच्या सॉकेटवर ठेवून तसाच मध्ये जोडा, पण त्या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. इलेक्ट्रॉनिक काहीच नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर आकडा जवळजवळ शून्य हवा. नसेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यावर आकडा पडतो त्या लाइनमध्ये दोष. सगळे फ्यूज काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा. इंजिन रात्रभर बंद असूनही सकाळी अल्टरनेटर हाताला कोमट लागत असेल तर गळका डायोडच बॅटरी पितोय.